सूक यीचा हातोडा आणि माझी चटणी

आमच्या आणि सूक यीच्या घराची मधली भिंत एकच आहे. मलय मुलखातल्या मेंगलेंबूच्या या गल्लीत सगळीच घरं खांद्याला खांदा लावून उभी. एका घरात कुणी शिंकलं तर पलीकडच्या घरातून औषध सांगतील. त्यामुळे सूक यी मला दिसण्याआधी तीन दिवस नुसती ऐकू येत होती. ठक ठक ठक. मग जरा शांतता. मग ठक ठक. चौथ्या दिवशी मी वाटीभर शिरा घेऊन ओळख करून घ्यायला गेले, तर शिडीवर एक काडीसारखी बाई, केसांवर रंगाचे शिंतोडे आणि ओठांत चार खिळे. बोलता येत नव्हतं म्हणून तिने मान हलवली आणि हातोड्यानेच ‘बसा’ अशी खूण केली. घरात खुर्ची नव्हती. मी रंगाच्या डब्यावर बसले.

मधल्या शांततेचा अर्थ मला तेव्हा कळला. तीन ठोक्यांत खिळा धरतो, मग ती डोकं मागे घेऊन तो सरळ आहे ना ते बघते, आणि मग दोन ठोक्यांत आत. आठ वर्षांत हा ताल चुकलेला मी ऐकला नाही.

तिचा नवरा वेंग किओंग लांबच्या पल्ल्याची बस चालवतो. आठवड्यातले चार दिवस बाहेर. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या हातात हातोडा द्यायचा तर सूक यी आधी बोटाला बांधायची पट्टी शोधून ठेवते. ती स्वतः पहाटे बिस्किटांच्या भट्टीवर कामाला जाते, साडेनऊला परत येते आणि दहाला हातोडा सुरू. जेवण, थोडी झोप, की चार वाजता पुन्हा. कामांची यादी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला. छताच्या फळ्या, न्हाणीघराच्या फरश्या, ओट्याखालची कपाटं, सगळं तिने एकटीने केलं. वर्षं बदलली, कॅलेंडरं बदलली, पण यादीच्या तळाला एक काम तसंच राहिलं: मागची खोली.

“मागच्या खोलीत काय करणार आहेस गं?” मी एकदा विचारलं.

“स्टोअर.”

स्टोअरसाठी कुणी फिका पिवळा रंग आणून ठेवत नाही. आणि खिडकीची चौकट इतकी खाली घेत नाही की जेमतेम उभ्या राहणाऱ्या पोरालाही बाहेरचं दिसावं. मी विषय बदलला.

खरं तर त्या खोलीची सुरुवात फार आधी झाली होती. या घरात आल्यावर दुसऱ्याच वर्षी सूक यीला दिवस गेले. आनंद पोटात मावेना, तिने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं. आणि त्याच भरात मागच्या खोलीत एक फळीही ठोकली, बाळाच्या कपड्यांसाठी. आमच्या गल्लीत पोटुशी बाई असलेल्या घरात कुणी खिळा ठोकत नाही, भिंतीला भोक पाडत नाही, पलंगसुद्धा सरकवत नाही. बाळाचा देव ते सगळे महिने घरातच कुठेतरी बसलेला असतो, आज दारात, उद्या चुलीपाशी. खिळा त्याला लागला तर खूण बाळाच्या अंगावर उमटते. किंवा त्याहून वाईट होतं. आणि पहिले तीन महिने तर कुणाला सांगायचंही नसतं. सूक यी हसली होती. “जुन्या बायकांचं काहीतरी,” म्हणाली होती.

नवव्या आठवड्यात ते गेलं.

त्यानंतर आठवड्याभराने आम्ही दोघी भाजीच्या गाडीपाशी होतो. पलीकडच्या बाजूला लुक पो, म्हणजे सहावी आजी, ऐंशीच्या घरातली, गल्लीच्या तोंडाशी वेताच्या खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवणारी. तिला आम्ही दिसत नव्हतो. ती भाजीवालीला म्हणाली, “खिळा ठोकला ना तिने.” आभाळ आलंय असं म्हणावं तितक्या सहज. सूक यी शेंगा निवडत होती. निवडलेल्या शेंगा तिने एकेक करून परत टोपलीत ठेवल्या आणि घरी गेली. ती फळी त्याच दिवशी खाली आली. मागच्या खोलीचं दार लागलं आणि पुढची सहा वर्षं त्या घरात तसं काही झालं नाही.

तुमचा यावर विश्वास आहे का, असं मला विचारू नका. मला दिवस गेले होते तेव्हा ग्रहण होतं, तेव्हा माझ्या आईने साताऱ्याहून फोन करून मला दिवसभर सुरी हातात धरू दिली नव्हती, आणि बी.ए. झालेली मी दिवसभर धरली नव्हती.

पस्तिसाव्या वर्षी सूक यीने परीक्षेचा फॉर्म भरला. पंधराव्या वर्षी आई आजारी पडली म्हणून शाळा सुटली होती. शाळा संपल्याची बोर्डाची परीक्षा राहिलीच होती. आता बाहेरून बसायचं ठरवलं. चिनी आणि गणिताची तिला भीती नव्हती. मलय भाषा आणि इतिहास यांत पास झाल्याशिवाय मात्र दाखला मिळत नाही, आणि तिची मलय म्हणजे भाजी घेण्यापुरती. मी या देशात आले तेव्हा पहिल्या वर्षी एकटीने बसून मलय शिकले होते, म्हणून ती वही घेऊन माझ्याकडे येऊ लागली.

“आता गं कशाला दाखला? भट्टीवर बढती देणार आहेत का?” मी विचारलं.

“शाळेच्या फॉर्मवर आईचं शिक्षण असा रकाना असतो, आंटी. माझ्या फॉर्मवर आईने तिथे आडवी रेघ मारली होती. आणि चिनी एक म्हणजे आडवी रेघच. पहिलीतली मी, मला वाटलं, एक लिहिलंय. सगळ्या वर्गाला सांगत सुटले, माझी आई पहिली आली होती.”

ती हसली. मीही हसले. मग दोघीही वहीत बघू लागलो. रकाना भरायला आधी फॉर्म लागतो आणि फॉर्मसाठी मूल लागतं, हे कुणी बोललं नाही.

तिचा अभ्यासही सुतारकामच. प्लायवुड घासता घासता सुलतानांची नावं पाठ करायची. कपाटांच्या दारांना आतून पेन्सिलीने सनावळ्या लिहायच्या. पाठ झाल्या की वरून रंग. आजही त्या घरात साखर काढायला दार उघडलं तर खालच्या कोपऱ्यात, रंग जिथे पातळ बसलाय तिथे, एक तह आणि दोन लढाया दिसतात.

नोव्हेंबरात परीक्षा. त्याआधी तीन आठवडे तिने हातोडा खाली ठेवला. अर्धं छत उघडं, खिडकीच्या चौकटीला झडपा नाहीत, आणि बाई पुस्तकात. माझ्या भिंतीला पहिल्यांदा सकाळी दहाची शांतता कळली.

गल्लीलाही कळली.

तिसऱ्या दिवशी लुक पो काळ्या कोंबडीचं सूप घेऊन सूक यीच्या दारात. “अभ्यास करतेस ना? अंगात ताकद हवी.” सूक यीला नवल वाटलं, पण सूप चांगलं होतं. चौथ्या दिवशी भाजीवालीने अननस दिला नाही. “आज आंबट आहेत,” म्हणाली, आणि पुढच्या बाईला त्याच ढिगातला दिला. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या आ-फाटने तिची नेहमीची बर्फाची कॉफी केलीच नाही. समोर कोमट सोयाचं दूध ठेवलं.

“मी कॉफी सांगितली होती.”

“बर्फ संपला.”

“तो काय डबा भरलेला.”

“तो उद्याचा आहे,” आ-फाट म्हणाला, आणि इतक्या मायेने हसला की तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

ती तशीच माझ्याकडे आली. दारातच चपला काढता काढता हसत होती. “आंटी, मी पास व्हायला गप्प बसले आणि यांनी मला आईच करून टाकलं!” हसत हसत बसली, आणि मग ते हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, “वाईट काय वाटलं सांगू? ते दूध मी सगळं प्यायले. दोन मिनिटं मलाही खरं वाटलं.”

“मी सांगते एकेकाला,” मी म्हटलं.

“काय सांगणार? नाहीये म्हणून? दहा घरांत दहा वेळा?”

ती घरी गेली. मी भिंतीपाशीच उभी होते. ठक ठक ठक. शांतता. ठक ठक. एकच खिळा. त्यानंतर काही नाही. खिडकीतून दिसलं, गल्लीच्या तोंडाशी लुक पो वाटीतून काहीतरी खात होती. तिने वाटी मांडीवर ठेवली आणि कितीतरी वेळ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी आ-फाटने न विचारता बर्फाची कॉफी दिली आणि तिच्याकडे बघितलं नाही.

त्याच आठवड्यात सरावाला निबंध होता, चांगल्या शेजाऱ्यांचे फायदे. दरवर्षी असाच काहीतरी विषय येतो. तिने चार फायदे नीट लिहिले: अडीअडचण, चोरीमारी, सणवार, मुलांवर लक्ष. पाचवा लिहिला: आपल्याआधी त्यांना कळतं. मी म्हटलं, “हे खोड.” ती म्हणाली, “पण व्याकरण बरोबर आहे ना?” व्याकरण बरोबर होतं.

मार्चमध्ये निकाल लागला. गणितात उत्तम, मलयमध्ये बरे, इतिहासात काठावर, पण पास. वेंग किओंगने बसच्या काचेला आतून तिच्या दाखल्याची प्रत लावली आणि इपोह ते जोहोर बारूपर्यंतच्या प्रवाशांना दाखवली. “सगळे विचारतात, मुलीचा का?” त्याने घरी येऊन सांगितलं. “मी म्हणतो, बायकोचा.” दाखला मिळाल्यावर सूक यीने पहिलं काम केलं ते मागच्या खोलीचं दार उघडण्याचं. “रिकामी तरी किती ठेवू? मला टेबल मांडायला होईल,” म्हणाली. निकालापर्यंत थांबलेल्या छताच्या फळ्या पुन्हा सुरू झाल्या, ठक ठक ठक, आणि माझी सकाळ पुन्हा मार्गी लागली.

मेच्या मध्यात एका सकाळी हातोडा वाजला नाही. साडेदहाला ती आली, खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, “सहावा आठवडा.”

मी उठले, तर म्हणाली, “नको, आनंद करू नका. आधी ऐका. काम थांबवलं तर उद्या सगळ्या गल्लीला कळेल. पुन्हा सूप, पुन्हा दूध. आणि मग काही झालं, तर मला पुन्हा तो एक खिळा ठोकायला लागेल. ते माझ्याने होणार नाही, आंटी.”

“मग चालू ठेव.”

बोलून गेले आणि मला माझीच लाज वाटली.

“वेंग किओंग म्हणतो मी ठोकतो. पण कुणी ठोकला याला अर्थ नाही ना. घर तेच.”

समोर परातीत मी शेंगा सोलायला घेतल्या होत्या; मेंगलेंबू भुईमुगाच्या शेंगांसाठीच प्रसिद्ध, इथे राहून सोललेले दाणे विकत आणणारी बाई मी नव्हे. ओट्यावर माझा लोखंडी खलबत्ता होता, लग्नानंतर बोटीने आलेला. माझं लक्ष त्याच्याकडे गेलं.

“तुला खिळा नकोय,” मी म्हटलं, “पण आवाज हवाय. हो ना?”

तिने खलबत्ता बघितला, भिंत बघितली. उठून त्यात वाकून पाहिलं. “याने खिळ्यासारखं काही होत नाही ना?”

“याने कूट होतो.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी खलबत्ता भिंतीपाशी घेतला, मूठभर दाणे टाकले आणि सुरुवात केली. पाचच मिनिटांत ती मागच्या दाराने आत. “असं नाही, आंटी! तुम्ही सलग कुटताय. गल्लीला वाटेल मला वेड लागलं. तीन, मग थांबायचं. सरळ आहे ना ते बघायचं. मग दोन.”

“दाणे सरळच आहेत.”

“तरी बघायचं.”

तर अशी मी पन्नासाव्या वर्षी हातोडा शिकले. सकाळी दहा ते अकरा, दुपारी चार ते पाच. चटणी किती झाली म्हणता! लसूण घालून, जिरं घालून, सुक्या मिरचीची, कमी तिखट. आमच्या ह्यांनी चौथ्या दिवशी डबे मोजायला सुरुवात केली. “निर्यातीचं लायसन काढलंस का?” ह्यांना सांगायचं नव्हतं, पुरुषाच्या पोटात राहत नाही. मी म्हटलं, “हाताला व्यायाम सांगितलाय.” हे म्हणाले, “डॉक्टर सोलापूरचा दिसतो.” शेवटी मी गल्लीत बरण्या वाटायला लागले. आ-फाट ती चटणी नूडल्सवर घालून खायचा आणि डोळे पुसत आणखी मागायचा.

नववा आठवडा आला. मंगळवारी सकाळी तिला थोडा डाग दिसला. वेंग किओंग बस घेऊन जोहोरला गेलेला. मीच दवाखान्यात नेलं, बाजाराला चाललोय असं दाखवत, हातात पिशव्या घेऊन. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, ठोके ऐकवले आणि दहा दिवस पडून राहायला सांगितलं. रिक्षाने... म्हणजे टॅक्सीने परत येताना सूक यी खिडकीबाहेर बघत होती. एवढंच म्हणाली, “त्याचेही ठोके थांबत नाहीत, ऐकलंत? सलग.”

मी तिला भिंतीलगतच्या पलंगावर निजवलं. घरी आले तेव्हा चार वाजले होते. खलबत्त्यात दाणे टाकले. तीन ठोके मारले आणि थांबले, सरळ आहे ना ते बघायला. भिंतीपलीकडून बोटाच्या पेराने कुणीतरी दोनदा वाजवलं. टक टक. माझे उरलेले दोन ठोके.

त्या दहा दिवसांत एकही खेप मी चुकवली नाही. चुलत नणंद क्वालालंपूरहून भेटायला आली होती, तिला चहा देऊन सांगितलं, तू बस, माझी चटणीची वेळ झाली. रोज तीन मी मारायची आणि दोन तिकडून यायचे. एका सकाळी तिकडून काही आलं नाही. मी बत्ता हातात धरून उभी राहिले. मग पळत मागच्या दाराने गेले. बाई इतिहासाचं पुस्तक छातीवर पालथं घालून घोरत होती. परीक्षा होऊन सहा महिने झाले होते. “दुसरं काही वाचायला नाहीच घरात,” जागी झाल्यावर म्हणाली.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी मी बरणी घेऊन लुक पोकडे गेले. तिने झाकण उघडलं, वास घेतला आणि शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

“बस, आ-मुई.” आ-मुई म्हणजे पोरी, तिच्या लेखी मी अजून तीच. “तुझ्या चटणीचे तीन महिने भरले ना? शिजली का?”

मी स्टुलावर बसले.

“हातोड्याचा आवाज भिंतीतून येतो,” ती म्हणाली. “तुझा जमिनीतून येत होता. आणि तिचा दुसरा ठोका पहिल्यापेक्षा जोरात असतो. मी आठ वर्षं ऐकतेय, मला शिकवतेस?”

“पहिल्याच दिवशी कळलं?”

“पहिल्या दिवशी वाटलं तूच बिघडलीस. दुसऱ्या दिवशी कळलं.”

“मग गल्लीत कुणी काहीच कसं...”

“मी सांगितलं होतं, ती कपाटं करतेय म्हणून. भाजीवाली म्हणाली, ऐकून तर खलबत्ता वाटतो. मी म्हटलं, तुझे कान धू.” ती बरणीचं झाकण घट्ट लावत राहिली, लागलेलं होतं तरी. “आ-फाट तिच्या कॉफीत बर्फ घालतो, पण कॉफी घालत नाही. दूध काळं करायला काय करतो त्यालाच माहीत.”

मग ती रस्त्याकडे बघायला लागली. “त्या वेळी मी बोलले होते. भाजीच्या गाडीपाशी. ती मागे होती, ते मला नंतर कळलं. तोंड वाजलं माझं. या वेळी म्हटलं, सगळ्या गल्लीची तोंडं मी धरते.” आणि लगेच आवाज चढवून, “जा आता. तिला सांग, अननस अजून नाही!”

मी सूक यीला सगळं सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती उठली, ओट्यावरची एक बशी घेतली, तिच्यात भट्टीवरची ताजी बिस्किटं रचली आणि चप्पल घालून गल्लीच्या तोंडाकडे चालायला लागली. मी खिडकीतून बघत होते. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. लुक पोने बिस्किट तोडून अर्धं तिला दिलं, एवढं दिसलं. त्यानंतर खलबत्ता मी जागेवर ठेवला. माझी भिंत पुढचे सहा महिने गप्प होती आणि सगळ्या गल्लीला ते चालत होतं.

जानेवारीत मुलगी झाली. नाव शिन यूत. महिना पुरा झाल्यावर लाल रंगवलेली अंडी घरोघरी गेली, आणि मला लुक पोने स्वतःच्या हाताने केलेल्या, बाळंतिणीच्या आलं-व्हिनेगरच्या काळ्या गोड रश्शाचं वाडगं मिळालं, मी खात नाही म्हणून त्यातून डुकराचे पाय वेगळे काढून. मी बघायला गेले तेव्हा लुक पो तिथेच होती; पोरीला उताणी, पालथी करून गल्लीच्या वतीने तपासत होती. डाव्या खांद्यावर एक तपकिरी डाग होता. लहानसा, मधे चिमटलेला, दोन्ही टोकांना फुगीर.

लुक पोने डाग बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

“खिळा नाही,” ती म्हणाली. “शेंग आहे. हे तुझं काम.”

माझा चेहरा पडला असावा. सूक यीने पोरीला उचलून घेतलं, खांदा उजेडात धरला, डोकं मागे घेतलं आणि तो सरळ आहे ना ते नीट पाहिलं.

“असू दे,” म्हणाली. “आंटी, उद्या दहा वाजता मी मागच्या खोलीत फळी ठोकणार आहे. हिला आवाजाची सवय आहे.”